अक्षर आपले, खिळे उसने



संगणकाच्या पडद्यावर मराठी अक्षर कसे उमटते, आणि ते उमटवणारी आज्ञावली लिहिणाऱ्याने कोणती दक्षता बाळगावयाची, या विषयावर आज थोडे बोलावयाचे आहे. विषयाचे नाव ऐकून 'हे शहरातल्या मंडळींचे काम' असे कोणी म्हणू नये. ग्रामपंचायतीचा दाखला, शाळेचा निकाल, सोसायटीची येणेबाकी, सारे आता संगणकातूनच बाहेर पडते. आणि त्या कागदावर आपले नाव असते. नाव नीट उमटले तर कोणाचे लक्षही जात नाही. पण 'गंगाराम'चा 'गगाराम' झाला, म्हणजे मग त्या एका टिंबासाठी माणसाला चार खेपा घालाव्या लागतात. तेव्हा हा प्रश्न तुमचा-आमचा आहे. शिवाय आपल्यापैकी कित्येक शिक्षक बंधुभगिनी शाळेपुरत्या लहानसहान आज्ञावल्या आता स्वतः लिहितात, किंवा हुशार मुलांकडून लिहवून घेतात. त्यांना तर हे माहीत असलेच पाहिजे.

संगणकाकडे वळण्याआधी आपण घटकाभर जुन्या छापखान्यात जाऊ. तिथे शिशाचे खिळे असत. खिळ्याच्या टोकाला उलटे अक्षर कोरलेले. लाकडी पेटीच्या खणाखणांतून असे शेकडो खिळे मांडून ठेवलेले. समोर लेखकाचा हस्तलिखित कागद ठेवावयाचा, आणि एकेक खिळा उचलून ओळ जुळवावयाची, हे जुळाऱ्याचे काम. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, तो त्याच्या सुबक खिळ्यांसाठी नावाजला गेला. आता यातली एक गोष्ट ध्यानात घ्या. लेखकाचे हस्तलिखित वेगळे आणि छापखान्याचे खिळे वेगळे. तेच हस्तलिखित पुण्यातल्या छापखान्यात दिले काय आणि सोलापुरातल्या छापखान्यात दिले काय, शब्द तेच राहणार. वळण तेवढे बदलणार. पुस्तक छापून झाले की खिळे पुन्हा आपापल्या खणांत जात, कारण उद्या त्याच खिळ्यांतून दुसऱ्याचे पुस्तक जुळवावयाचे असे. आजच्या भाषणाचे सार या एवढ्याशा व्यवस्थेत आहे.

संगणकात हस्तलिखिताच्या जागी आकडे असतात. जगातल्या लिप्यांतील प्रत्येक अक्षराला एक ठरीव क्रमांक द्यावा, अशी योजना युनिकोड या नावाने १९९१ साली प्रसिद्ध झाली. तीत आपल्या 'क'चा क्रमांक २३२५, आणि 'म'चा २३५०. तुम्ही 'क' टंकला की संगणक २३२५ एवढेच लिहून ठेवतो. तो 'क' दिसावयाचा कसा, हे या आकड्यात नसते. ते असते फॉन्टमध्ये. फॉन्ट म्हणजे संगणकातली खिळ्यांची पेटी. तीत अक्षरांच्या आकृती असतात, आणि त्या कशा जुळवाव्या याचे नियमही असतात. मराठीला हे नियम फार लागतात. 'कि' लिहिताना संगणक आधी 'क' साठवतो आणि मागाहून वेलांटी. पण पडद्यावर ती वेलांटी 'क'च्या अलीकडे काढावी लागते. 'श्री' हे आपल्याला एक अक्षर वाटते. साठवणीत मात्र ते श, पायमोड्याचे चिन्ह, र आणि दीर्घ वेलांटी असे चार आकडे असतात. या चारांचे एक रूप करावयाचे ते फॉन्टमधल्या नियमांच्या आधाराने.

हे दोन भाग वेगळे ठेवले नाहीत तर काय होते, याचा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना आहे. युनिकोडची सोय घरोघर पोहोचण्यापूर्वी आपल्याकडे एक तोडगा निघाला होता. इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवरच मराठी आकृती बसवून फॉन्ट तयार केले गेले. कृतिदेव हा त्यांतलाच. त्यात 'मराठी' हा शब्द लिहिला की संगणक आत काय साठवतो? तर ई, जे, के, बी, एच ही पाच इंग्रजी अक्षरे! ज्या यंत्रावर कृतिदेव आहे तिथे 'मराठी' दिसते. नाही तिथे तीच पाच इंग्रजी अक्षरे वाकुल्या दाखवतात. म्हणजे इथे हस्तलिखितच उरले नाही, नुसते खिळे राहिले. शिक्षकाने रात्री जागून तयार केलेली प्रश्नपत्रिका तालुक्याच्या दुकानात उघडली की कोणत्या तरी अनोळखी भाषेत दिसते, त्याचे कारण हे. त्या काळी दुसरा सोपा मार्ग नव्हता, आणि त्या फॉन्टांनी पुष्कळ मराठी छापून दिले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु आज नवी आज्ञावली लिहिणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. अक्षर साठवावे ते युनिकोडमध्ये.

आता आज्ञावलीकडे येऊ. पडद्यावर खिडक्या, बटणे आणि याद्या दाखवणारी आज्ञावली अक्षरे उमटवते, पण बहुधा खिळे तिचे स्वतःचे नसतात. ते असतात संगणकाच्या मूळ कारभाऱ्याकडे, म्हणजे विंडोज किंवा लिनक्स यांच्याकडे. ही पद्धत जुनी आहे. १९८४ साली ॲपल कंपनीचा मॅकिन्टॉश आला, तेव्हा त्याची स्मृती अवघी १२८ किलोबाइट होती. त्याच्या फॉन्टांना शिकागो, जिनिव्हा, न्यूयॉर्क अशी शहरांची नावे होती, आणि एकाच फॉन्टच्या निरनिराळ्या आकारांसाठी ठिपक्यांची निरनिराळी चित्रे ठेवावी लागत. एवढ्याशा जागेत सारे फॉन्ट एकदम मांडून बसणे शक्यच नव्हते. लागेल तेव्हा काढावयाचे, काम झाले की जागा मोकळी करावयाची, अशी शिस्त तिथे होती. पुढे १९९२ साली विंडोजच्या ३.१ या आवृत्तीत ट्रूटाइप फॉन्ट आले. त्यांत अक्षराची बाह्यरेषा गणिताने नोंदलेली असते, त्यामुळे एकाच फॉन्टमधून लहानमोठे हवे ते आकार काढता येऊ लागले. सोय वाढली, शिस्तीची गरज मात्र होती तेवढीच राहिली.

ही शिस्त आपल्याला परकी नाही. पुष्कळ गावांत गावकीची भांडी असतात. लग्नकार्य निघाले की देवळातून हंडे, पराती, पातेली मोजून आणावयाची, वहीत नोंद करावयाची, आणि कार्य उरकले की घासूनपुसून, मोजून परत द्यावयाची. एखाद्याने नेली आणि परत केलीच नाहीत, तर पुढच्या घरच्या लग्नात वाढायला परात उरत नाही. संगणकातही हेच घडते. विंडोजच्या आज्ञावलीत 'क्रिएटफॉन्ट' म्हटले की कारभारी अमुक नावाचा, अमुक उंचीचा, ठळक किंवा साधा फॉन्ट वापरण्याजोगा करून देतो आणि त्याची नोंद आपल्या नावे मांडतो. काम संपल्यावर 'डिलीटऑब्जेक्ट' म्हणून ती नोंद खोडावयाची असते. विंडोज ३.१ मध्ये अशा नोंदींची मुख्य कोठी ६४ किलोबाइटांची होती, आणि तीसुद्धा सगळ्या आज्ञावल्यांना मिळून एकच. एका आज्ञावलीने हात आखडला नाही की दुसऱ्या निरपराध आज्ञावलीची अक्षरे बिघडत. नेणारी आज्ञावली बंद केली तरी नोंदी तशाच राहत. विंडोजच बंद करून पुन्हा सुरू करावे लागे.

पुढच्या आवृत्त्यांत हा कारभार सुधारला. आता आज्ञावली बंद झाली की तिच्या नावची सारी उसनवारी कारभारी स्वतःच वसूल करतो. पण एका आज्ञावलीला एका वेळी नेहमीच्या हिशेबाने १०,००० नोंदींचीच मर्यादा आहे, आणि या मर्यादेत फॉन्टांबरोबर चित्रे आणि रंगकामाची साधनेही मोजली जातात. कोणी म्हणेल, दहा हजार म्हणजे काय थोडे झाले? आपण हिशेब करून पाहू. समजा, एका शिक्षकाने हजेरीपटाची आज्ञावली लिहिली. वर्गात ४० मुले. प्रत्येक नाव पडद्यावर लिहिताना तो नवा फॉन्ट मागतो आणि परत करीत नाही. म्हणजे यादी एकदा रंगवली की ४० नोंदी गेल्या. यादी वरखाली केली, दुसरी खिडकी आडवी येऊन बाजूला झाली, की कारभारी पुन्हा 'रंगव' म्हणून सांगतो. २५० वेळा असे झाले की दहा हजार संपले! सकाळी प्रार्थनेनंतर आज्ञावली उत्तम चालत होती. दुपारच्या सुट्टीनंतर नावे वेडीवाकडी दिसू लागली, कोपरे काळे पडले, बटणे कोरी झाली. शिक्षकाने ती बंद करून पुन्हा उघडली, तो सारे ठीक! मग 'यंत्र तापले असेल' असे म्हणून तो गप्प बसतो. यंत्र तापलेले नसते. पराती संपलेल्या असतात.

याला उपाय अगदी साधा आहे. हजेरीपटाला फॉन्ट लागतात किती? मथळ्याला एक, नावांना एक, तळटीपेला फार तर तिसरा. हे तीन फॉन्ट आज्ञावली सुरू होताच एकदा मागून घ्यावेत, जपून ठेवावेत, दर वेळी तेच वापरावेत, आणि खिडकी बंद होताना परत करावेत. चाळीस नावांना चाळीस फॉन्ट लागत नाहीत. आणखी एक पथ्य आहे. फॉन्ट कागदावर लावलेला असतानाच परत करू नये. आधी पूर्वीचा फॉन्ट त्या जागी पुन्हा बसवावा, मग आपला सोडवून परत द्यावा. कढई चुलीवर आहे, तीत भाजी शिजते आहे, आणि कोणी कढईच उचलून देवळात पोचती केली, तर पंगतीचे काय होईल ते सांगायला नको. अलीकडच्या जावा, क्यूटी यांसारख्या साधनांत परत करण्याचे बरेचसे काम आपोआप होते. तरीसुद्धा गरजेपुरते मागण्याची सवय सुटू देऊ नये.

आता मागण्याविषयी. आपण कारभाऱ्याला म्हणतो, 'अमुक नावाचा फॉन्ट द्या.' तो त्याच्यापाशी नसला तर तो 'नाही' म्हणत नाही; त्यातल्या त्यात जवळचा दुसरा देऊन टाकतो. ही त्याची भलाई खरी, पण तीत मेख आहे. आपल्या यंत्रावर दाखला देखणा दिसतो, आणि तीच आज्ञावली शेजारच्या गावच्या शाळेत नेली की ओळी मोडतात, नाव चौकटीबाहेर जाते. विंडोज २००० पासून र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट विंडोजबरोबर येऊ लागला, त्यामुळे निदान एक पेटी हाताशी आली. पण जिथे ठरावीक वळणच हवे असेल, तिथे आज्ञावलीने आपला फॉन्ट बरोबर घेऊन जावा हे उत्तम. तो साऱ्या यंत्रावर चढवण्याचीही गरज नसते. 'हा फक्त माझ्यापुरता' असे कारभाऱ्याला सांगून फॉन्ट उघडता येतो. आज्ञावली संपली की तोही उठून जातो, आणि दुसऱ्या कोणाच्या खणांत ढवळाढवळ होत नाही.

मात्र बरोबर नेण्याचा हक्क आहे की नाही, हे आधी पाहावे. फॉन्ट ही कोणाच्या तरी मेहनतीची वस्तू आहे. एकेक जोडाक्षर रेखाटून देवनागरीचा फॉन्ट पुरा करावयाचा म्हणजे महिनोन् महिने खपावे लागते. पण सुदैवाने मुक्त परवान्यावर दिलेले चांगले देवनागरी फॉन्ट आज उपलब्ध आहेत. मुंबईच्या एक टाइप या मंडळींचा 'मुक्त', मुंबईच्याच आयआयटीत तयार झालेला 'शोभिका', गूगलचा 'नोटो', हे बरोबर नेण्यास परवान्याची आडकाठी नाही.

'नोटो' या नावातही गंमत आहे. फॉन्टमध्ये एखाद्या अक्षराचा खिळाच नसला तर तिथे रिकामी चौकट उमटते. तिला या व्यवसायात टोफू म्हणतात, आणि टोफू नको म्हणून नोटो! आपल्याकडे ही चौकट कुठे दिसते? 'ॲप' किंवा 'ॲसिड' लिहिताना. अ-वर चंद्र असलेले हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले २००८ साली. त्याआधीच्या फॉन्टांत त्याचा खिळा असणार कसा? शाळेतल्या जुन्या यंत्रावर विज्ञानाचा धडा उघडला की 'ॲसिड'च्या आरंभी चौकट येते, त्याचा दोष धडा लिहिणाऱ्याकडे नसतो. जाणता आज्ञावलीकार म्हणून एकाच फॉन्टवर विसंबत नाही. पहिल्यात नसेल तर दुसऱ्यात, दुसऱ्यात नसेल तर तिसऱ्यात पाहा, असा क्रम तो लावून देतो.

मघाशी मी 'गंगाराम'चा 'गगाराम' म्हटले. ते कसे होते? कित्येकदा साठवण बरोबर असते, फॉन्टही बरोबर असतो. चौकट मात्र इंग्रजी अक्षराच्या उंचीने आखलेली असते. आपले अक्षर शिरोरेघेच्या वरही वाढते आणि खालीही उतरते. 'मूर्ती' हा शब्द घ्या. वर वेलांटी आणि रफार, खाली दीर्घ उकार. चौकट तोकडी पडली की वरचे-खालचे कापले जाते. 'वर्ग'चा 'वग' होतो, 'संत'चा 'सत' होतो. तेव्हा बटणाची किंवा रकान्याची उंची मनाने ठरवू नये. हा फॉन्ट शिरोरेघेच्या वर किती जाणार, खाली किती उतरणार, आणि हे नाव किती रुंद होणार, हे फॉन्टलाच विचारता येते. विचारावे, आणि त्या मापाने जागा सोडावी. शिंपी मापे घेतल्याशिवाय सदरा बेतत नाही.

वळणाचीही एक गोष्ट आहे. महाराष्ट्र शासनाने २००९ साली वर्णमाला प्रमाण केली, तीत 'ल' पाकळीचा आणि 'श' देठाचा ठरला. हिंदीत या दोन अक्षरांचे वळण निराळे दिसते. युनिकोडमध्ये मात्र दोन्ही भाषांचा 'ल' एकच, क्रमांक एकच. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणे ठेवलेली असतात. 'हा मजकूर मराठी आहे' असे आज्ञावलीने सांगितले, की तो मराठी वळण देतो. पहिलीच्या मुलाला फळ्यावर एक 'ल' आणि पडद्यावर दुसरा 'ल' दिसू नये असे वाटत असेल, तर भाषेचे नाव सांगण्याचा आळस करू नये. रेडिओवर अक्षर दाखवता येत नाही. शिक्षकांनी आपल्या यंत्रावर हे करून पाहावे.

एक इशाराही द्यावयास हवा. फॉन्टच्या फायलीत आकृतींबरोबर यंत्राने पाळावयाच्या बारीक सूचनाही असतात, आणि त्यांतून दगाफटका होऊ शकतो. २०११ साली डुकू नावाचा उपद्रवी कार्यक्रम उघडकीस आला. तो वर्डच्या कागदपत्रात लपवलेल्या फॉन्टच्या वाटेने, विंडोजमधल्या एका उणिवेचा फायदा घेऊन, थेट यंत्राच्या गाभ्यात शिरत असे. ती उणीव त्याच वर्षाच्या डिसेंबरात दुरुस्त केली गेली. तथापि कोणी पेनड्राइव्हवर 'दोनशे सुंदर फॉन्ट' आणून दिले, म्हणून ते सगळे शाळेच्या यंत्रावर चढवू नयेत. जो हवा तो, आणि माहितीच्या ठिकाणाहून घ्यावा.

ज्यांना आज्ञावली लिहावयाची नाही, त्यांच्यासाठीही दोन शब्द. प्रश्नपत्रिका दुसरीकडे छापावयाची असेल तर ती पीडीएफ करून, आत फॉन्ट बसवून द्यावी. मग समोरच्या यंत्रावर तो असो वा नसो, कागद तसाच उमटतो. आणि शाळेत, वाचनालयात, सोसायटीत जुन्या फॉन्टांत लिहिलेली जी दप्तरे आहेत, ती तो फॉन्ट हाताशी आहे तोवर युनिकोडमध्ये आणून घ्यावीत. रूपांतर करणारी साधने मिळतात. पण रूपांतर झाल्यावर जुना आणि नवा कागद शेजारी ठेवून, नावे आणि आकडे डोळ्यांखालून घालणारा माणूस हवा. हे काम वरच्या वर्गातली मुले आनंदाने करतील, आणि त्यांचे शुद्धलेखनही सुधारेल. उद्या ते यंत्र मोडले, तो फॉन्ट हरवला, तर गावाच्या वीस वर्षांच्या नोंदी इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन पडतील, आणि ती वाचून दाखवणारा जाणकार वेळेवर सापडेलच असे नाही.

तात्पर्य, अक्षर आपले आहे. ते युनिकोडमध्ये नीट साठवावे. खिळे उसने आहेत. ते बेताने मागावेत, मिळाले ते पारखून घ्यावेत, जागा मोजून मांडावेत, आणि काम होताच परत करावेत. ज्याने गावकीची भांडी कधी मोजून परत केली आहेत, त्याला हे शिकायला फार दिवस लागू नयेत.